एकशे सतरावं गीत

शनिवारी दुपारी पितांबरमास्तर ओट्यावर पाय ठेवता ठेवताच म्हणाले, "सिस्टरबाई, सकाय सणाले तुमना गाववाला येई ऱ्हायना!"

गुलाबबाई तांदूळ पाखडत होत्या. गाववाला म्हणजे धडगावकडचा कुणी भाऊबंद असेल, असं त्यांना वाटलं. पण मास्तर निराळंच सांगत होते. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर टांझानियाचा एक इंजिनिअर महिनाभर शिकायला आला होता. मसांजा नाव, ख्रिस्ती माणूस. मास्तरांनी बाजारात त्याला गाठून उद्याच्या कापणीच्या सणाचं आवतण देऊन टाकलं होतं.

"त्याना समोर आपुन एकशे सतरा म्हनसूत," मास्तर म्हणाले.

गुलाबबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ ओटाभर झाले.

एकशे सतरा हे चर्चच्या मंडळीच्या गीतपुस्तकातलं शेवटचं गीत. ते गुलाबबाईंनी आणलेलं. चोवीस वर्षांच्या असताना मिशनने त्यांना नर्स म्हणून टांझानियाला धाडलं होतं. मोठ्या सरोवराच्या काठी एका लहानशा दवाखान्यात त्यांनी तीन वर्षं सेवा केली. दवाखान्यात स्वाहिली चाले, ती त्या पटकन शिकल्या. आपसात मात्र तिथल्या बायका आपली घरची सुकुमा बोलत. गुलाबबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. घरात भिली, बाजारात अहिराणी आणि शाळेत मराठी असं करत वाढलेल्या बाईला त्यात नवल कसलं?

त्या परत निघाल्या त्या दिवशी बायकांनी फेर धरून टाळ्यांवर एक गाणं म्हटलं. ते त्यांनी गुलाबबाईंसाठीच रचलं होतं आणि आठवडाभर बसवलं होतं. चाल अशी गोड की गुलाबबाईंना ते सुकुमा बोलीत असूनही शब्दनशब्द पाठ झालं. गाडी सुटायच्या आधी दवाखान्याची स्वयंपाकीण कबुला हिने खिडकीशी येऊन हसत, रडत त्याचा अर्थ स्वाहिलीत सांगितला, तेव्हा गुलाबबाईही हसत, रडतच गाडीत बसल्या.

घरी आल्यावर चर्चमध्ये सत्कार झाला. त्या वेळच्या पाळकांनी तिकडचं एखादं गीत म्हणायला सांगितलं. गुलाबबाईंना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी तेच म्हटलं. लोक डोलले. मग पाळक म्हणाले, "वा! अर्थ काय, बेटा?"

पहिल्या ओळीत वडील बसले होते. त्यांच्या शेजारी, मुलगी पाहायला म्हणून आलेली, होणारी सासू.

"देवाचे उपकार मानलेत," गुलाबबाई म्हणाल्या.

तेवढ्यावर भागलं असतं. पण पितांबरमास्तर तेव्हा नुकतेच शिक्षक झाले होते आणि गीतपुस्तकाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते गीत देवनागरीत उतरवून घेतलं, खाली 'आफ्रिकन बांधवांचे उपकारस्तवन' असं छापलं, आणि दर कापणीच्या सणाला मंडळी ते उभं राहून म्हणू लागली. बेचाळीस वर्षं झाली. पोरंसोरंसुद्धा तोंडपाठ म्हणतात.

रविवारी गुलाबबाई लवकर जाऊन चर्चच्या दाराशीच उभ्या राहिल्या. एक आशा होती. टांझानियात बोली शंभराच्या वर. हा माणूस दुसऱ्याच टोकाचा निघाला तर? उंच, जाडसर मसांजा मोटारसायकलवरून उतरला तसा त्यांनी स्वाहिलीतून कुशल विचारलं. बेचाळीस वर्षांचा गंज होता, तरी शब्द आले. मसांजा इतका हरखला की त्याने वाकून त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, तुम्ही आमची भाषा बोलता!"

"घर कुठलं, बाबा?"

त्याने सरोवराकाठचं नाव सांगितलं. त्यांच्या दवाखान्यापासून जेमतेम दोन तासांचं गाव. "आम्ही सुकुमा," तो छाती काढून म्हणाला.

"असं का," गुलाबबाई म्हणाल्या, आणि मनातल्या मनात त्यांनी त्या दिवसाची पहिली खरी प्रार्थना केली.

चर्चमध्ये मक्याची कणसं, कापसाची बोंडं, उसाची मोळी, भोपळे असं सगळं वेदीपुढे मांडलं होतं. मास्तरांनी पाहुण्याला पहिल्या बाकावर बसवलं, गुलाबबाईंना दुभाषी म्हणून शेजारी. ढोलकी घुमली आणि दीडशे माणसांनी एकशे सतरा सुरू केलं.

मसांजाने आधी कान टवकारले. उच्चार पार बिघडलेले. दोन ओळी त्याला काहीच कळेना. तिसऱ्या ओळीला त्याच्या भुवया वर गेल्या. धृपद आलं तसा त्याने खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला आणि त्याचे खांदे गदगदू लागले.

"रडी ऱ्हायना बिचारा," मागच्या बाकावरची तुळशीबाई म्हणाली आणि स्वतःचेही डोळे पुसू लागली. ते पाहून मंडळीला आणखी चेव आला. धृपद तीनदा झालं.

गीत संपल्यावर मास्तरांनी पाहुण्याला बोलायची विनंती केली. मसांजा उभा राहिला. डोळे पुसत त्याने हळूच स्वाहिलीत विचारलं, "आई, यांना ठाऊक आहे?"

"नाही," गुलाबबाई पुटपुटल्या. मग मंडळीकडे वळून म्हणाल्या, "सगळ्यांना सलाम म्हणतात."

"मग मी काय सांगू?"

"त्यांना फार आनंद झाला, असं म्हणतात."

"गीताविषयी विचारा ना, सिस्टरबाई," मास्तर कौतुकाने म्हणाले. "हे त्यांच्याकडे कोणत्या प्रसंगी म्हणतात?"

गुलाबबाईंनी विचारलं. मसांजा म्हणाला, "आई, तुम्हाला हवं ते सांगा. मी नुसता उभा राहतो आणि मान हलवतो." आणि खरंच, तो गंभीर चेहरा करून मान हलवू लागला.

त्या हलणाऱ्या मानेकडे पाहताना गुलाबबाईंना एकदम कबुला आठवली. खिडकीचा गज धरून गाडीबरोबर धावणारी. तिने आणि त्या बायकांनी एवढ्या मायेने रचलेलं गाणं, आणि त्यातलं एक अक्षर आपण कुणाला कळू दिलं नाही! त्या उठून पुढे गेल्या.

"हे उपकारस्तवन नाही," त्या म्हणाल्या. "हे माझ्यावरचं गाणं आहे. ऐका. भारताची पोरगी आली, चुलीपुढे बसली, धुरानं रडली. मक्याच्या पिठाची उगाली करायला गेली, तिच्या गुठळ्या झाल्या. गुठळी कुत्र्याला टाकली, कुत्रा वास घेऊन निघून गेला. हिला नवरा मिळेल का? मिळेल, पण उपाशी मरेल. आणि धृपद असं, की देवा, त्या माणसाला वाचव."



मागून तुळशीबाईचा आवाज आला, "आन मंग तो वाचना का वं?"

"बत्तीस वरीस वाचना," गुलाबबाई म्हणाल्या. "जेवताना कधी बोलना नही."

आधी बायका हसल्या. मग ढोलकीवाला. मग सगळं चर्चच हसू लागलं, भोपळे घरंगळले, आणि मसांजा बाकावर बसून मोकळेपणाने मांड्या बडवू लागला. कुणीतरी पुन्हा धृपद धरलं, आणि या खेपेला लोक ते असं काही ठेक्यात म्हणाले की तसं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

फक्त पितांबरमास्तर हसले नाहीत. गीतपुस्तक मिटून ते जेवायला न थांबताच निघून गेले.

मसांजाला निरोप देऊन गुलाबबाई घरी आल्या, तर ऊन कलताना मास्तर स्वतःच ओट्याशी उभे.

"मी या गीतावर चारदा प्रवचन दिलंय," ते म्हणाले. "एकदा तर नंदुरबारला, मोठ्या सभेत."

"चुकलं माझं, मास्तर."

मास्तरांच्या मिशा हलल्या. "कुत्रा वास घेऊन निघून गेला," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन ते बाजेवर बसले.

"बेचाळीस वर्षांत आम्ही तुम्हाला एवढंच विचारलं, सिंह पाहिला का. तुम्ही दर वेळी हो म्हणालात."

"एकदाच पाहिला. तोही लांबून. झोपलेला होता."

"मग तिकडे तीन वर्षं केलं तरी काय? बैजवार सांगा. आज मला काही घाई नाही."

गुलाबबाईंना सायकल आठवली. बाळंतपणं करायला त्यांना गावोगाव जावं लागे आणि सायकल येत नव्हती. कबुलाने ती मक्याच्या शेतात शिकवली. पहिल्याच फेरीला त्या औषधांच्या पेटीसकट ओढ्यात गेल्या, आणि जिच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या तीच बाई कमरेवर हात ठेवून काठाशी आली आणि तिनेच त्यांना वर ओढलं.

"मंग?" मास्तरांनी पाय वर घेतले.

"मंग काय, ओल्या लुगड्यानंच गयी." गुलाबबाई चहा ठेवायला आत गेल्या, आणि मास्तरांना ऐकू जावं म्हणून आतूनच मोठ्याने सांगू लागल्या.