ताईंच्या हाताचा गुण

"तुम्ही नका देऊ. त्या ताईंना येऊ दे," असं म्हणून त्या म्हाताऱ्या बाई काउंटरसमोरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. त्यांच्याच गोळ्यांची पट्टी माझ्या हातात होती.

"आजी, पट्टी तीच आहे हो. ताईंनी दिली म्हणून काय गोड लागणार आहे?"

"तिच्या हाताला गुण आहे बाबा. तिच्या गोळीनं तासाभरात गुडघा हलका होतो. तुझ्या गोळीनं दुपार जायची."

हाताला गुण! कंपनी तीच, खोका तोच, कपाटातला तिसरा कप्पाही तोच आणि गुण म्हणे हिच्या हाताला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अठ्ठावीस वर्षं मी या दवाखान्यात औषधं देतोय. ही नवी फार्मसिस्ट येऊन पुरते चार महिनेही झालेले नाहीत.

ताई आल्या. चेहरा हसरा. तोही मला खुपायचा.

"आजी, ही पांढरी जेवणाआधी, पेलाभर पाण्याबरोबर. पोट भरलेलं असलं की हिचा गुण यायला वेळ लागतो. आणि ही लाल मात्र उलटी. रिकाम्या पोटी घ्याल तर पोट जाळेल. अख्खी गिळायची, कुटायची नाही. वरचा थर मुद्दाम दिलेला असतो."

एवढं पुराण सांगायला मला वेळ कुठला? मागे रांग असते. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "विचारलंच कुणी, तर जेवल्यावर घ्या म्हण. पोट दुखतंय म्हणून कुणी परत यायला नको." ते मी मनावर घेतलं. लाल, पांढरी, पिवळी, सगळ्या गोळ्यांना माझा एकच मंत्र: जेवल्यावर. कधी कुणाची तक्रार आली नाही. आता ही पोरगी मला शिकवणार!

तणतणतच घरी गेलो. सकाळी निघताना बायकोची अर्धशिशी उठत होती, म्हणजे खिडक्या लावून, डोक्याला फडकं बांधून ती पडलेली असणार. बघतो तर बाईसाहेब खिडकी उघडी टाकून कपड्यांच्या घड्या घालताहेत. वर गुणगुणताहेत.

"काय गं, डोकं?"

"थांबलं."

"जेवलीस? गोळी घेतलीस?"

"न जेवताच घेतली. दुपारी तुमच्या दवाखान्यात आले होते, तुम्ही माल आणायला गेला होतात. त्या ताईंनी पाण्यात विरघळणारी दिली. म्हणाल्या, अर्धशिशी उठली की पोटही मंदावतं, साधी गोळी तशीच पडून राहते. ठणका सुरू झाल्या झाल्या घ्या, जेवणाची वाट बघू नका. पाऊण तासात उठून बसले बघा मी!"

"विरघळवली काय आणि गिळली काय, औषध तेच."

"असेल तेच. माझं डोकं थांबलं ना?"

बायको परक्या पुरुषाकडे बघून हसली तर नवऱ्याला राग येतो म्हणतात. माझी बायको एका पोरीची गोळी घेऊन हसत होती आणि मी जळून खाक होत होतो. बाहेरचे लोक तिच्याकडे गेले, गेले. घरातलं एवढं एक डोकं तरी माझं होतं.

मग एकाएकी मागचं सगळं आठवलं. डोकं फुटत असताना हिला अन्नाचा वाससुद्धा सोसायचा नाही. मी ताट घेऊन समोर बसायचो. दोन घास खा, मगच गोळी. ती डोळे मिटून, रडत रडत गिळायची. कधी सगळं उलटून पडायचं. मी ते निस्तरायचो आणि परत वाढून आणायचो. माझ्या मते ती माया होती.

"मग इतकी वर्षं माझ्या गोळ्यांनी काय व्हायचं?" मी विचारलं. "संध्याकाळी विचारलं की तू म्हणायचीस, बरं वाटतंय."

तिनं हातातली घडी मांडीवर ठेवली. "तुम्ही उशाशी बसून असायचात, तोंड एवढंसं करून. नाही म्हटलं असतं तर तुम्हाला घास गेला नसता."

"म्हणजे खोटं बोलायचीस?"

"अहो, दर वेळी थोडंच? कधी कधी थांबायचंही."

"आणि आज?"

"आज खरंच थांबलं."

तो 'खरंच' मला सुईसारखा टोचला. उशाशी मी बसलो, ओकाऱ्या मी निस्तरल्या आणि 'खरंच' मिळालं कुणाला, तर त्या चार महिन्यांच्या पोरीला. माझंच चुकलं होतं हे आता उघड होतं. तरी हेवा काही जाईना. उद्या दवाखान्यात त्या पोरीला काय म्हणायचं तेही सुचेना.

"पानं घेऊ का?" बायकोनं विचारलं. "मला सपाटून भूक लागलीय."

डोकेदुखीच्या दिवशी ती माझ्यासमोर बसून आपणहून पोटभर जेवतेय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, बोटंसुद्धा चाटली. मी माझ्या ताटातलं चिवडत तिच्याकडे बघत राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही.