रस्ता विचारणारी माणसं

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाडीभरडी आणि टोचरी. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात म्हणे. मित्रांनो, मी हळवी होणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो का आला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जाफराबाद तालुक्यातल्या एका वाडीवर म्हस्कू नावाचा मेंढपाळ राहतो. त्याच्याच मेंढ्यांच्या लोकरीपासून माझा जन्म झाला. त्याच्या बायकोनं, आसराबाईनं, ती लोकर पिंजली आणि कातली. शेजारच्या गावातल्या विणकरानं मला विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून वाळवलं. मी अशी ताठ झाले की भिंतीला टेकवली तर उभी राहावी!

मग मी वर्षानुवर्षं राबले. पावसात म्हस्कूच्या डोक्यावर खोळ होऊन बसले. थंडीत त्याचं अंथरूण झाले. रानात मेंढी व्याली की ओलं कोकरू माझ्यातच गुंडाळून वाडीवर आणलं जाई. म्हस्कूची मुलगी मोनिका माझ्यावरच रांगायला शिकली. मी गालाला टोचले की ती रडायची, आणि रडून झालं की पुन्हा माझ्यावरच येऊन झोपायची. बाजाराला जाताना म्हस्कू मला झटकून खांद्यावर टाकायचा. "लई दमदार घोंगडी हाय," असं लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे चराईची रानं उरली नाहीत. मेंढ्या गेल्या, म्हस्कू सोयाबीन पेरू लागला. घरात वाघाचं चित्र असलेली मऊ ब्लँकेटं आली आणि मला कडबा कापायच्या मशीनवर झाकण म्हणून टाकलं. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. कुणी पाहिलंसुद्धा नाही. पण मित्रांनो, मला त्याचा राग नाही. वस्तू जुन्या होतात, अडगळीत जातात. माणसांना मात्र तसं टाकायचं नसतं.

मोनिका जालन्याला नर्सिंग शिकली, नंतर जर्मन भाषा शिकली आणि जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. त्याच वाडीवरच्या साहेबरावचा मुलगा सुमित तिच्या आधीपासून त्या देशात इंजिनियर होता. साहेबराव म्हणजे म्हस्कूचा लहानपणचा जोडीदार. दोघांनी एकाच शिदोरीतलं खाऊन मेंढरं राखलेली. पोरांनी एकमेकांना पसंत केलं, थाटात साखरपुडा झाला. लग्न तिकडंच नोंदवायचं ठरलं. साहेबरावच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून म्हस्कू आणि आसराबाई दोघंच जाणार होते.

निघायच्या आठवडाभर आधी मोनिकाचा फोन आला. "बाबा, येताना माझी घोंगडी आणा. हितली रजई लई मऊ हाय, पण झोपच लागत न्हाई."

माझी आठवण झाली होती! आसराबाईनं मला नदीवर नेऊन रिठ्यानं धुतलं, कुरतडलेला कोपरा शिवला. बॅगा पापड-चटण्यांनी भरल्या होत्या, म्हणून म्हस्कूनं मला खांद्यावर टाकलं. धोतर, पटका आणि मी. अशा थाटात आम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरलो.

बेत सोपा होता. मोनिकाची दुपारपर्यंत ड्युटी होती. ती तिच्या गावाहून रेल्वेनं शहरातल्या मोठ्या स्टेशनवर येणार होती. विमानतळावरून तिथपर्यंत सुमित आपल्या गाडीनं आम्हाला पोचवणार होता. "तू फिकीर करू नको, मामा-मामींना मी घेऊन येतो," असं त्यानंच तिला सांगितलं होतं.

बाहेरच्या दारापाशी तो उभा होता. आसराबाईला केवढा आनंद झाला! "आवं, त्यो बगा आपला सुमित!" तिनं हात वर केला. त्यानंही हात वर केला. तेवढ्यात आमच्या मागून एक गृहस्थ आपल्या पत्नीबरोबर सामानाची गाडी ढकलत आले. ते सुमितच्या कंपनीतले मोठे साहेब, कल्याण सर. आमच्याच विमानातून आले होते. त्यांना पाहिलं आणि सुमितचा हात खाली आला. खाली आला आणि सरळ खिशात गेला.

तो आधी त्यांच्याकडे गेला. वाकून बोलला, हसला, त्यांच्या बॅगा घेतल्या. मग "एक मिनिट सर," म्हणून आमच्याकडे आला आणि आम्हाला खांबाआड घेऊन गेला. आसराबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवायला बोटं उचलली होती. ती तशीच राहिली.

"मामा, आमचे सर आलेत अचानक," तो दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांना सोडावं लागंल. गाडीत जागा न्हाई. तुम्ही रेल्वेनं या. पंधरा मिन्टांचा रस्ता हाय."

"बाबा, आमाला हितलं काय कळतंय?" आसराबाई म्हणाली. "आमी थांबतो की हितंच. तू साहेबांना सोडून ये."

"हितं थांबू देत न्हाईत, मामी." हे साफ खोटं होतं. समोर बाकांवर शंभर माणसं निवांत बसली होती. त्यानं एका चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत स्टेशनचं नाव लिहून ती म्हस्कूच्या हातात दिली. म्हस्कू मराठी चौथी शिकलेला. त्याच्यासाठी ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. वर सुमित म्हणाला, "आन् ती घोंगडी तेवढी पिशवीत कोंबा. लोकं बघून राह्यलेत."

मी पेटले! पण खरा घाव पुढेच होता.

कल्याण सर तिथवर आले. चांगला माणूस दिसत होता. म्हस्कूचा पटका पाहून त्यांनी हात जोडले आणि सुमितला विचारलं, "कोण रे हे? आपल्याकडचे वाटतात."

"कोणी नाही सर," सुमित म्हणाला. "रस्ता विचारत होते."

"मग नीट सांगितलास ना?"

"हो सर."

आणि ते गेले. काचेचं दार उघडलं, मिटलं.

मित्रांनो, मी म्हस्कूच्या खांद्यावर होते. त्याचा खांदा मला पाठ आहे. वादळात, गारांत, लांडगा आला तेव्हाही तो खांदा हलला नव्हता. त्या दिवशी तो थरथरला. आसराबाईनं विचारलं, "आवं, काय म्हणला त्यो? कोणी न्हाई म्हणला का?" म्हस्कू म्हणाला, "तू नीट ऐकलं न्हाई. चल."

फोन करावा, तर विमानात आसराबाईनं मोनिकाचे फोटो पाहून त्याची बॅटरी संपवली होती, आणि मोनिकाचा नंबर त्या फोनातच होता. म्हणून ते चालू लागले. चिठ्ठी दाखवली की लोक बोट करायचे. कुणी खाली, कुणी डावीकडे. सरकत्या जिन्यापाशी आसराबाई थांबली. पायाखालची जमीन पळताना तिनं कधी पाहिली नव्हती. म्हस्कूनं माझं एक टोक स्वतःच्या मुठीत धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं. "डोळे झाक आन् पाय टाक." दोन टोकांना दोघं आणि मधे मी, असे आम्ही खाली उतरलो. जीव गेला तरी मी फाटणार नव्हते.

खाली फलाट होते, गाड्या येत-जात होत्या. म्हस्कूला वाटलं, हेच मोठं स्टेशन. त्यांनी तिथं मोनिकाला शोधलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. मोनिका कुठून दिसणार? ते विमानतळाखालचं स्टेशन होतं. मोठं स्टेशन शहरात, पुढे. सुमितनं हेसुद्धा सांगितलं नव्हतं. शेवटी एका तरुणानं चिठ्ठी पाहून पलीकडच्या फलाटाकडे बोट केलं. म्हस्कूला वाटलं, तो समोरची गाडी दाखवतो आहे. त्यानं समोरच्या गाडीत एक पाय ठेवला.

"चचा, उतरो! जल्दी उतरो!"

पिवळं जाकीट घातलेली, झाडू हातात धरलेली एक बाई पळत आली. तिनं बॅगेचा पट्टा धरून त्याला मागे ओढलं. दार मिटलं, गाडी गेली. बाईनं दोघांकडे पाहिलं. "मैंने आप दोनों की बातें सुनीं. हिंदुस्तान से हैं ना? ये गाड़ी उल्टी जाती है."

तिचं नाव शकीला. लाहोरची. या स्टेशनवर सफाईचं काम करायची. म्हस्कूला जालन्याच्या बाजारात शिकलेली हिंदी येत होती. "बेटी, हमकू बडे टेसन जाना. हमारी पोरगी राह देखरी."

"लेने कोई नहीं आया?"

म्हस्कू हातातली चिठ्ठी पुन्हा उलगडू लागला. आसराबाई मात्र तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. शकीलानं झाडू भिंतीला टेकवला. तिनं मशीनमधून तिकिटं काढून दिली, दुसऱ्या फलाटावर नेलं आणि योग्य गाडीत बसवलं. "चौथा स्टेशन, चचा. तीन छोड़ना, चौथे पे उतरना." दार मिटेपर्यंत ती चार बोटं वर करून उभी होती. तिचं आमचं काय नातं होतं? कामावरून पाच मिनिटं हलली तर तिला बोलणी खावी लागणार होती. तरी ती हलली.

म्हस्कूनं माझ्या काठाच्या सुट्या दोऱ्यांच्या दशा हातात घेतल्या. गाडी थांबली की तो एका दशेला गाठ मारायचा. कळप मोजताना मारायचा तशी. एक गाठ. दोन. तीन. आसराबाई श्वास रोखून बाहेर बघत होती. चौथी गाठ मारून म्हस्कू उठला.

मोठं स्टेशन खरंच मोठं होतं. जिन्यावरून वर आलो, तर काचेच्या उंच छपराखाली माणसांचा पूर. आणि त्या पुरातून एक हाक आली, "माय!"

मोनिका धावत आली. आईला, बापाला आणि मला, तिघांनाही तिनं एकदम मिठीत घेतलं. दीड तास ती तिथं येरझारा घालत होती. "सुमित कुठंय? फोन उचलून न्हाई राह्यला."

"काम आल्तं त्याला," म्हस्कू म्हणाला. बघा मित्रांनो, त्या माणसाची अब्रू तो अजून झाकत होता.

तेवढ्यात सुमितच आला. घामाघूम, हसत. "आले ना मामा बराबर? म्हणलं न्हवतं मोनिका, काळजी करू नको? मी स्वतः गाडीत बसवून दिलं."

आता मात्र म्हस्कूला राहवलं नाही. आवाज न चढवता त्यानं हात जोडले. "साहेब, आमी रस्ता इचारणारी माणसं. रस्ता घावला. तुमी जावा."

"बाबा, याला साहेब का म्हणून राह्यले तुम्ही?"

मग आसराबाईनं सगळं सांगितलं. खांब, चिठ्ठी, 'कोणी नाही सर'. एकही शब्द गाळला नाही. तिनं सगळं नीट ऐकलं होतं.

सुमितचा चेहरा उतरला. "मोनिका, तू समजून घे. सरांसमोर एकदम... माझं प्रमोशन..."

"सरांसमोर काय? माझा बाप मेंढरं राखायचा, याची लाज वाटली तुला? तुझाबी बाप तेच करायचा."

 तिनं बोटातली अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"पोरी, घाई करू नको," म्हस्कू कळवळून म्हणाला. "चुकलं असंल त्याचं."

"बाबा, गाडी चुकती, पत्ता चुकतो. यानं इचार करून केलंय." मग ती सुमितकडे वळली. "उद्या हापिसात कुणी विचारलं, मोनिका कोण, तर सांग, कोणी नाही सर. रस्ता विचारत होती."

ते लग्न झालं नाही. पहिल्या रात्री मोनिका माझ्यावर गाल ठेवून खूप रडली. तिला मी टोचत असणार, पण तिनं मला बाजूला सारलं नाही. महिनाभरानं तीच आईबापाला विमानतळावर सोडायला आली. 'बाबांचा खांदा रिकामा नको,' म्हणून तिनं मलाही परत पाठवायचं ठरवलं होतं. मला घडी घालून पिशवीत ठेवू लागलेल्या म्हस्कूचा हात तिनं धरला आणि सगळ्यांदेखत मला त्याच्या खांद्यावर टाकलं. "अशीच घेऊन जा. उघड्यावर."

गावी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबराव काठी टेकत आला. म्हस्कूनं मला ओसरीवर अंथरलं. साहेबराव बसेना. "तुझ्या घोंगडीवर बसायचं तोंड न्हाई ऱ्हायलं मला," म्हणत तो खाली जमिनीवरच बसू लागला. दुखऱ्या गुडघ्यानं बसताही येईना. म्हस्कूनं त्याला दंडाला धरून माझ्यावर बसवलं. "तुझ्या पोरानं न्हाई वळखलं मला. तू तर वळखतो ना?" मग दोघं म्हातारे माझ्यावर बसून चहा प्यायले. मी त्या दिवशी साहेबरावला टोचले नाही. टोचायचं कुणाला, हे मला कळतं.

सुमितवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. तो जाऊही नये असं मला वाटतं.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढंच घोंगडी म्हणून माझं मागणं. पण तुमचे आईबाप तुमच्या भरवशावर परक्या मुलखात उतरले, तर दारात सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहा. त्यांच्या खांद्यावरचं ओझं आपल्या खांद्यावर घ्या, मग ते कितीही जुनं, काळं आणि टोचरं असो. आणि शेजारी तुमचा साहेब उभा असेल, तर आधी आईबापांच्या पाया पडा. साहेब थांबतो. पाच मिनिटांनी कुणाची नोकरी जात नाही.