जावेच्या नावाची हजेरी

धुरपता थूल हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नऊ हंगाम राबली, पण जावेच्या नावानं. यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. बायांमध्ये रीतच तशी होती. एका घरातल्या बाईची जागा एकदा लागली की ती घराची झाली. बाई बाळंत झाली की नणंद जाणार, आजारी पडली की जाऊ जाणार. मोठी जाऊ शकुंतलाबाई पाठीच्या दुखण्यानं खाटेला खिळली, तेव्हा धुरपता तिच्या जागी उभी राहिली. मुकादम ओमप्रकाश स्वतःच म्हणाला होता, "नाव बदलाचं झंझट कायले? शकुंतला म्हणून पुकारलं का हाजीर म्हणजो." झालं! रजिस्टरात शकुंतला, पीएफ शकुंतलाचा, आणि रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस लोटायला धुरपता.

बायांसाठी संडास एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली ओमप्रकाशच्या खिशात. बाया तिथं जाऊन टाइमपास करतात म्हणे! सकाळपासून नाकातोंडात रुई गेलेली बाई संडासात बसून कोणती मौज करणार, हे त्या मुडद्यालाच ठाऊक. जानेवारीतल्या एका दुपारी धुरपतानं किल्ली मागितली. चार हमालांसमोर तो खिदळला, "सकायपासून तिसरी खेप? पाणी पेतं का नदी पेतं वं?"

धुरपताही काही कमी नव्हती. "घरी जाऊन तुया मायले पुसजो, बाईले किती खेपा लागतात ते!"

हमाल हसले, पण ओमप्रकाशला हसले. तिथंच बिनसलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत शकुंतलाचं नाव पुकारलंच नाही. "घरी जाय. सेठनं मना केलं," एवढंच त्यानं सांगितलं.

देवळीची माधवी नावाची तरुण वकिलीण दर रविवारी वस्तीतल्या विहारात बसून बायांचे अर्ज लिहून देत असे, एक पैसा न घेता. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, असं तोंडी हाकलता येत नाही कुणाला. आणि संडास म्हणजे मुकादमाची मेहेरबानी नाही, कायद्यानं द्यावाच लागतो." असं काही कायद्यात लिहिलेलं असतं हे धुरपतानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिला इतका जोर चढला की त्या भरात तिनं नावाची गोष्टही सांगून टाकली. माधवीचा पेन थांबला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी पुसलंच कुठं, ताई?"

मग एकच उपाय उरला. शकुंतलानं कामगार कार्यालयातल्या साहेबांसमोर सांगायचं, की नऊ वर्षं मी खाटेवर आहे, काम हिनं केलं, आणि मुकादमाला ते माहीत होतं. शकुंतला लगेच तयार झाली. "सांगतो ना! तू नसती तं माया पोरीचं, मयुरीचं लगन झालं असतं का?" तिनं धुरपताचा हात धरून शब्द दिला. धुरपताला जागा परत हवी होती, बस्स. नवरा गेल्यापासून तिचं घर त्याच जागेवर चाललं होतं.

माधवीनं अर्ज टाकला आणि वर्ध्याच्या कार्यालयात तारीख पडली. पाठ सांभाळत शकुंतलाही एसटीनं आली. जिनिंगकडून राकेश नावाचा क्लार्क आला होता, गोडबोल्या. माधवी आणि धुरपता झेरॉक्स काढायला खाली गेल्या, तेवढ्या दहा मिनिटांत त्यानं शकुंतलाला चहा पाजला. वर येऊन पाहतात तो शकुंतला कपात डोकं घालून बसलेली. धुरपतानं हाक मारली, तरी तिनं वर पाहिलं नाही.

साहेबांनी विचारलं, "बाई, नऊ वर्षं जिनिंगमध्ये काम कोणी केलं?"

"म्या केलं, सायेब."

माधवी ताडकन उठली. "कोणत्या रेच्यावर? शेजारी कोण असतं? सांगा!"

आता घ्या! शकुंतला घडाघडा बोलत सुटली. चार नंबरचा रेचा. बाजूला चिंधूची बायको. पट्टा उजवीकडे घसरतो, मग मिस्तरी येईपर्यंत बसून राहावं लागतं. एक शब्द चुकला नाही, आणि चुकणार तरी कसा? नऊ वर्षं रोज संध्याकाळी तिची पाठ चोळता चोळता धुरपतानंच तिला जिनिंगमधली सगळी खबर सांगितली होती, तेवढंच खाटेवरच्या जिवाला मन रमायला. "किल्लीचंही म्याच बोललो, सायेब. रागात बोलून गेलो. माफी करा."

तोंडातला घास काढून घ्यावा तसं झालं धुरपताला. ती ओरडली, "खोटं बोलून राह्यली हे!" पण साहेबांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

राकेशनं संधी सोडली नाही. "सर, आम्ही कोणालाच काढलं नाही. गैरसमज झाला. शकुंतलाबाईंनी सोमवारपासून यावं." त्यानं तिथल्या तिथं गेटपाससाठी मोबाइलवर तिचा फोटो काढला, कागदावर अंगठा घेतला. तडजोड झाली म्हणून साहेब खूश. माधवी भांडत राहिली, तर ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाईंचं नाव कुठंच नाही. मी काय करू?"

एसटी स्टँडवर धुरपतानं जावेला गाठलं. "काऊन केलं बाई असं?"

शकुंतला रडायलाच लागली. "तो म्हणे हे चारसोबीसी हाय. दोघींले अंदर टाकतीन म्हणे. मी भेलो वं!" मग डोळे पुसून म्हणाली, "पण जागा तं वाचली ना? सोमवारी तूच जाय, पयल्यासारखी."

"फोटो तुया काढला ना त्यानं! आता मले गेटच्या आत कोण घेते?"

हे शकुंतलाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावापर्यंत दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या.

सोमवारी शकुंतला गेली. मंगळवारीही कशीबशी गेली. बुधवारी कापसाचं टोपलं उचलताना तिथंच आडवी झाली, आणि ओमप्रकाशनं तिला ऑटोत घालून घरी आणलं. सोबत कागद होता. आपल्या मर्जीनं काम सोडते, असं त्यात लिहिलेलं. कण्हत कण्हत तिनं अंगठा दिला.

धुरपता दारात आडवी उभी राहिली. नाक मुठीत धरून, पहिल्यांदाच, ती त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, आता जागा खाली हाय तं मले लावा ना. माया नावानं लावा."

"तुयं तं कुठंच नाव नाई," ओमप्रकाश कागदाची घडी घालत म्हणाला. "तू नवीन बाई झाली. पंचेचाळीस वर्साची नवीन बाई, काम न शिकेल. कोण ठेवते तुले?"

आणि तो ऑटोत जाऊन बसला.