लवकीची झोप सत्त्याण्णव

सकाळचे पावणेसात वाजले होते. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तरी ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामासमोर अर्धं गाव शाली-मफलर गुंडाळून उभं होतं, आणि कुणी साधं खोकतसुद्धा नव्हतं. कारण गोदामावरच्या भोंग्यातून निद्रानाथ महाराज घोरत होते.

घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स.

"काय दम आहे आवाजात!" शेजारचे धावजी काका हात जोडून पुटपुटले. "चाळीस जणाईची झोप एकटा माणूस घेऊन राह्यला. पाठ दुखत असन बिचाऱ्याची."

बरोबर सातला घोरणं थांबलं आणि दार उघडलं. महाराज बाहेर आले. बगलेत भगवी उशी, डोळे अर्धे मिटलेले, हातात पितळी परात आणि परातीत चाळीस घड्याळं. एकेकाचं नाव पुकारून ते घड्याळ देऊ लागले. माझ्या बाबांचं नाव आलं, "संघर्ष!" बाबा पुढे झाले. घड्याळाच्या पडद्यावर हिरवा गोल गरगर फिरला आणि आकडा उगवला. सत्त्याण्णव! खाली लिहिलेलं, 'झोप उत्कृष्ट. असेच सुरू ठेवा.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच वेळी बाबांनी एवढी मोठी जांभई दिली की मला त्यांची पडजीभ दिसली.

ती जांभई माझ्याशिवाय कुणीच पाहिली नाही. सगळे आकडा पाहत होते.

मी ममता, नववी ब. यंदा तालुका विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला, तेव्हापासून मी जरा जास्तच बोलते असं आजी म्हणते. जरा नाही, खूपच बोलते. पण त्याआधीची सगळी वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून काढलीत, त्यामुळे बराच माल शिल्लक आहे.

आमचं गाव पुसदपासून बारा किलोमीटर. हरभरा वर आला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, जेवायला येतात, म्हणून घरातला एक माणूस रात्री शेतात जागलीला जातो. डबा वाजवायचा, बॅटरी मारायची, ओरडायचं. बाबाही जागल करून पहाटे येत, सहा ते साडेनऊ ढाराढूर झोपत आणि मग आम्हा सात मुलींना ऑटोत घालून पुसदला शाळेत नेत. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं.

मग दिवाळीत खताच्या दुकानदारानं दहा पोत्यांवर एक मनगटी घड्याळ फुकट दिलं. पावलं मोजणारं, नाडी मोजणारं आणि रोज सकाळी झोपेला मार्क देणारं. झालं! ज्या गावात कुणी मुलांचे मार्क विचारत नव्हतं, तिथं पारावर झोपेचा निकाल लागू लागला.

"मले एकतीस."

"मले तं अठ्ठावीसच. आन् खाली लिवते, आज आराम करा. कापूस कोन वेचन मंग, ते घड्याळ?"

बाबा पहाटे येऊन तीन तास मेल्यासारखे झोपले, तरी घड्याळ म्हणायचं चौतीस, कारण त्याच्या मते झोप फक्त रात्रीचीच. मी नऊ तास झोपले तर बावन्न, कारण मी लाथा मारते. आणि इंदूबाई, म्हणजे माझी आजी, टीव्हीसमोर डोळे वटारून मालिका पाहत बसली, तर तिला मिळाली 'दीड तास गाढ झोप'.

"मेल्या!" आजीनं घड्याळाला सुनावलं. "सून कशी रडत होती ते सांगू का तुले?"

पण सगळे आजीसारखे नव्हते. चांगले धडधाकट लोक सकाळी उठून आधी घड्याळ पाहायचे आणि मग आजारी पडायचे. धावजी काका तर बत्तीस मार्क पाहून परत अंथरुणात जायचे.

अशा वेळी निद्रानाथ महाराज अवतरले. पहिल्याच दिवशी त्यांनी पारावरून प्रवचन ठोकलं.

"भक्तहो! झोप दोन प्रकारची. एक पाठीची, एक पुण्याची. पाठीची झोप म्हशीसुद्धा घेतात! पुण्याची झोप मात्र दुसऱ्याकडून घ्यावी लागते. माझा देह म्हणजे टॉवर आहे. तुमची हवेत भटकणारी निद्रा मी ओढून घेतो आणि तुमच्या घड्याळात उतरवतो. संध्याकाळी घड्याळ द्या, सकाळी झोप न्या!"

दक्षिणा होती पायलीभर नवी तूर. शिवाय प्रत्येकानं रोज एक लवकी आणायची, म्हणजे आपल्या पुस्तकातला दुधी भोपळा. कोवळी, बरोबर मनगटाएवढी.

"लवकी कायले, महाराज?" आजीनं विचारलं होतं.

"लवकी थंड, माई. चाळीस जणांची झोप अंगात शिरली की उष्णता होते."

लोकांनी माना डोलावल्या. पहिल्याच सकाळी चाळीसच्या चाळीस घड्याळं नव्वदीच्या वर! धावजी काका आनंदानं रडले.

आणि आमच्या बाबांनी झोपायचंच बंद केलं.

"बाबा, थोडं पडा ना," मी म्हणायची.

"कायले? सत्त्याण्णव झाली ना झोप. महाराजानं घेतली माह्या वाटची." डोळे लालभडक, बोलताना मध्येच शब्द हरवलेला. पण घड्याळ सत्त्याण्णव म्हणतंय म्हटल्यावर स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वासच राहिला नाही.

चौथ्या दिवशी शाळेत जाताना आमचा ऑटो रस्ता सोडून शांतपणे डावीकडे वळला, बांधावरून उडाला आणि डोमाजी आजोबांच्या पऱ्हाटीत जाऊन थांबला. आम्ही सात मुली दप्तरांसह एकमेकींवर. कुणाला लागलं नाही, पण सगळ्यांच्या वेण्यांना कापूस. पाच पावलं पुढे विहीर होती, तिला कठडा नव्हता.

"बाबा, तुम्हाला झोप लागली होती!"

"नाही वो," बाबा मनगट दाखवत म्हणाले, "हे पाय ना, सत्त्याण्णव आहे. ऑटोचंच काही तरी बिघडलं."

त्या दिवशी मी शाळेत एक शब्द बोलले नाही. गौरी मॅडम, म्हणजे आमच्या विज्ञानाच्या बाई, घाबरूनच गेल्या. "ममता, ताप आहे का तुला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून उलटं केलं. मागे हिरवा दिवा लुकलुकत होता. "हा उजेड कातडीवर पडतो आणि परत येतो. नाडीच्या ठोक्याबरोबर रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा उजेड कमीजास्त होतो. घड्याळ ते मोजतं. पण आपण हातावर आहोत की आणखी कशावर, हे त्याला नेमकं कळत असेल का? तूच बघ करून."

घरी आले तर आजी बडबडत होती. "रोज चाळीस लवक्या गोदामात जातात. भंडारा नाही, भाजी नाही, फोडणीचा वास नाही. तो माणूस लवक्याईचं करते काय?"

मी बाबांचं घड्याळ हातात घेतलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक पांढरी लव चिकटलेली होती. कोवळ्या लवकीच्या अंगावर असते ना, तीच. लव, लवकी, मनगटाएवढी! माझ्या डोक्यात असा काही प्रकाश पडला की मी अंगणात तीन उड्या मारल्या. आजी म्हणाली, "पोट्टीले काही चावलं का?"

त्या रात्री आजीनं महाराजांना कधीच न दिलेलं तिचं घड्याळ मी आमच्या वेलावरच्या एका लवकीला बांधलं आणि तिला माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून फळीवर निजवलं. सकाळी पाहते तर लवकीला त्र्याण्णव मार्क! 'आपले मन शांत आहे.' ज्या फळाला वर्गात शून्यासाठी बदनाम केलंय, ते माझ्यापेक्षा एक्केचाळीस मार्कांनी पुढे.

स्वेटरमधली लवकी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून मी आजीला घेऊन गोदामाकडे पळाले. सगळे जमलेले होते. भोंगा घोरत होता.

"ऐका! मला एक सांगायचंय..."

"शूऽऽ!" चाळीस जणांनी मला गप्प केलं. "महाराज झोपून आहेत!"

घुर्रर्र... फुस्स.

आणि नेमके तेव्हाच गोदामाच्या मागच्या तुरीतून, डोक्याला मफलर बांधून, हातात रिकामं टमरेल हलवत, गाणं गुणगुणत महाराज बाहेर आले.

आम्हाला पाहून ते थबकले. आम्हीही थबकलो. भोंगा मात्र थबकला नाही. घुर्रर्र... फुस्स.

डोमाजी आजोबांनी भोंग्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे. "महाराज, तुम्ही तं आत झोपेल आहा ना?"

महाराजांनी टमरेल पाठीमागे लपवलं. "हा माझा स्थूल देह आहे, भक्ता. सूक्ष्म देह आत घोरतो आहे."

"हां हां," धावजी काकांनी मान डोलावली. मग जरा विचार करून म्हणाले, "मंग टमरेल कोन्या देहाचं?"

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात आजीनं पदर खोचला. "सरका बापा. मी माही लवकी घ्याले चालली." महाराज आडवे आले, पण लवकीसाठी निघालेल्या इंदूबाईला अडवेल असा देह अजून जन्मायचा आहे, स्थूल नाही आणि सूक्ष्मही नाही. तिनं दार ढकललं आणि आम्ही सगळे आत घुसलो.

माइकसमोर एक मोबाइल ठेवलेला होता. तोच घोरत होता. आणि सतरंजीवर ओळीनं, घोंगड्या पांघरून, चाळीस लवक्या झोपल्या होत्या. प्रत्येकीच्या अंगावर एकेक घड्याळ.

"हे पाय आपली!" आजी ओरडली. "देठाले माही सुतळी आहे!" आमच्या लवकीवर बाबांचं घड्याळ होतं. मार्क सत्त्याण्णव, नाडी अठ्ठ्याहत्तर.

वाटलं, संपलं. पण महाराज तयारीचे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "वनस्पतीतही प्राण आहे! हे शास्त्र सांगतं! माझी निद्रा या लवक्यांतून वाहते!"

आणि तुम्हाला सांगते, चारपाच माना पुन्हा डोलू लागल्या. बाबासुद्धा म्हणाले, "ममे, नाडी तं दिसून राह्यली ना त्यात."

"आजी, कमरेचा विळा दे."

आजीनं दिला नाही, स्वतःच खचकन लवकीचे दोन तुकडे केले. मी एका तुकड्यावर घड्याळ बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला. नाडी चौऱ्याहत्तर.

"मेली तरी नाडी सुरूच?" डोमाजी आजोबा मागे सरकले.

"काका, तुमचा मफलर द्या." धावजी काकांचा मफलर मी गुंडाळून घट्ट वळकटी केली आणि तिच्यावर घड्याळ चढवलं. आकडा आला. एक्क्याऐंशी.

"महाराज," मी विचारलं, "मफलरमध्येही प्राण आहे का?"

"माह्या मफलरात?" काका किंचाळले. "मी तं तो आत्ता गळ्यात घालून होतो!"

गोदाम हसून हसून हललं. मी तुरीच्या पोत्यावर चढले आणि गौरी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. घड्याळ हिरवा उजेड टाकतं, परत येईल तो मोजतं आणि त्यातून आकडा काढतं. हात नसला तरी हे घड्याळ काहीतरी आकडा काढतंच. वस्तू हलत नाही म्हणजे ती गाढ झोपली, असा त्याचा अंदाज. "लवकी रात्रभर कूस बदलत नाही, म्हणून ती पहिली येते. घड्याळानं झोप पाहिलेली नाही. झोप तुमच्या डोळ्यांत आहे, पाठीत आहे. आणि एकाची झोप दुसऱ्याला घेता येत असती, तर एकाच्या जेवणानं दुसऱ्याचं पोटही भरलं असतं. काल पाच पावलं पुढे विहीर होती, बाबा. तिनं तुमचा आकडा विचारला नसता."



हसणं थांबलं. बाबांनी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या वेणीत कापसाचं एक बोंड अजून अडकलेलं होतं, ते त्यांनी हळूच काढलं. मग मफलरवरचं घड्याळ सोडवून खिशात टाकलं आणि गोदामाच्या ओट्यावर बसले.

"ममे," ते म्हणाले, "मले लय झोप आली वो." आणि बसल्या जागी कलंडले.

दोन मिनिटांत ते घोरू लागले. भोंगा नाही, माइक नाही. तरी अर्धं गाव पुन्हा एकदा गप्प उभं राहिलं. धावजी काकांनी मफलर त्यांच्या अंगावर घातला.

महाराजांना पोलीस पाटलांनी जादूटोणाविरोधी कायदा समजावून सांगायला नेलं. तुरीची पोती ज्याची त्याला मिळाली. पारावर बैठक होऊन ठरलं की लागून असलेल्या सहा शेतांची जागल एकच माणूस करील, पाळीपाळीनं, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यात पाच-सहा रात्री घरी. इतकी साधी गोष्ट, पण आकड्याच्या नादात कुणाला सुचली नव्हती. म्हणून सांगते, जांभई आली तर झोपा. झोप येतच नसेल तर डॉक्टरकडे जा. कुणी तुमच्या वतीनं झोपतो म्हणाला, तर आधी आत जाऊन बघा की तिथं नेमकं कोण झोपलंय.

त्या दिवशी आम्ही शाळेला एसटीनं गेलो. संध्याकाळी परत आले, तर बाबा घरच्या खाटेवर नुकते उठून बसले होते. गालावर दोरीचे वळ, केस उभे.

"किती झाली झोप?" त्यांनी सवयीनं मनगट चाचपलं.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

बाबांनी आळस दिला, मान इकडून तिकडे मोडली आणि जरा वेळ स्वतःच्या अंगाचं ऐकल्यासारखे बसले.

"भूक लागली," ते म्हणाले.

आजीनं ताट वाढलं. लवकीची भाजी होती. चाळीस घरांत त्या दिवशी तीच होती.