मसुद्यातली पाचवी ओळ

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्या टंकलेखकाचं पोट मात्र त्या पायरीवरच भरत होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात तिसऱ्या खांबाशी त्याचं टेबल, टेबलावर टाइपरायटर आणि खणात बारा मसुदे. भाडेकरूचा, वारसाचा, हरवलेल्या कागदपत्रांचा, आणि एक माणूस वेडा ठरवण्याचा. नाव, वय, नातं विचारायचं, गाळलेल्या जागा भरायच्या, की पंधरा मिनिटांत अर्ज तयार. माणूस खरंच वेडा आहे का, हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही. ते आतल्या साहेबांचं काम, असं तो म्हणायचा.

त्या मसुद्यातली पाचवी ओळ त्याच्या पदरची होती. फार वर्षांपूर्वी एक अर्ज ‘वेडाचे स्वरूप नमूद नाही’ असा शेरा घेऊन परत आला होता. अशील ताटकळलं होतं. याने जरा डोकं खाजवलं आणि ठोकून दिलं, ‘सदर व्यक्तीस नसलेले आवाज ऐकू येतात.’ अर्ज एका फटक्यात मंजूर झाला! तेव्हापासून ती ओळ मसुद्यात मुक्कामाला राहिली. कोणी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही.

मग पाळी त्याच्या घरची आली. वडिलांनी घराच्या खालच्या दोन खोल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला, लिहून दिल्या होत्या. ताई विधवा, कपडे शिवून एकटी राहणारी. टंकलेखकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोल्या हव्याशा झाल्या, आणि ताई काही जागची हलेना. तेव्हा बायकोने आठवण करून दिली की ताई रोज संध्याकाळी उठून दार उघडते. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी कोपऱ्यावरून त्याची शिट्टी ऐकू येते म्हणते. हे वेड नाही तर काय?

आई गेल्यावर याच ताईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. शिलाईच्या मशीनवर पाय मारून मारून टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. ते सगळं त्याला आठवलं, नाही असं नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्याने खण उघडून तो मसुदा काढलाच. पाचव्या ओळीपाशी तर त्याला उलट बरं वाटलं. या खेपेला ती ओळ खरी होती ना! अर्ज मंजूर झाला की ताईची सही बाद, खोल्या भावाच्या ताब्यात आणि ताई वेड्यांच्या इस्पितळात.

पुढच्या खांबाशी म्हातारे वकीलसाहेब बसायचे. त्यांनी मागे उभं राहून अर्ज वाचला आणि खुर्ची ओढली. एके काळी, ते सांगू लागले, ज्याला जनावराइतकीही समज नाही त्यालाच कायदा वेडा मानायचा. वेड चंद्राच्या कलेबरोबर वाढतं-उतरतं, असंही चांगली शिकलेली माणसं धरून चालायची. पुढे न्यायाधीश विचारू लागले, आपण काय करतोय आणि ते वाईट आहे, हे याला कळत होतं का? मग आणखी एक प्रश्न विचारू लागले, याला जे वाटलं ते खरं असतं, तर याचं वागणं बरोबर ठरलं असतं का? चुकतमाकत का होईना, कायदा एकेक प्रश्न जास्त विचारायला शिकला.

“तुझा मसुदा एकही विचारत नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “अरे, भास कोणालाही होतो. तो भास आहे हे काही केल्या पटत नाही, तेव्हा तो भ्रम. दार उघडल्यावर बाहेर कोण असतं, हे ताईला विचारलंस का कधी?”

नव्हतं विचारलं. पण चूक कबूल करील तो टंकलेखक कसला? उंटावरून शेळ्या हाकू नका, घर माझं आहे, तुमचं नाही, असं सुनावून त्याने अर्ज दाखल केला. वकीलसाहेब उठले आणि ताईचं वकीलपत्र घेऊन आले.

सुनावणीच्या दिवशी ताई धुतलेली साडी नेसून एकटीच आली. भावाकडे तिने पाहिलं नाही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “नवऱ्याची शिट्टी ऐकू येते तुम्हाला?”

“येते.”

“आणि दार उघडल्यावर कोण असतं?”

“कोणी नसतं,” ताई म्हणाली. “ते गेलेत, मीच त्यांचे डोळे मिटलेत. बत्तीस वर्षं ते यायच्या वेळेला दार उघडलं, हात आपोआप जातो. कोणी नाही हे पुन्हा एकदा कळतं, मग मी भाजी चिरायला बसते.”

वकीलसाहेबांनी रेकॉर्डमधून काढलेला एक जुना अर्ज पुढे ठेवला. पाचवी ओळ अक्षरशः तीच. या अर्जावरून एक माणूस एकोणीस वर्षं इस्पितळात होता, ते म्हणाले, आणि तो जन्मापासून ठार बहिरा होता.

 टंकलेखकाला तो माणूस आठवला! दोन भाऊ त्याला घेऊन आले होते. अर्ज टाइप होत असताना त्याने टेबलावर तळहात टेकला होता, आणि टाइपरायटरचे ठोके हाताला लागले तसा तो लहान मुलासारखा हसला होता. टंकलेखक उठून उभा राहिला. ती ओळ माझी आहे, सगळ्या अर्जांतली माझीच आहे, हा अर्ज मी मागे घेतो, एवढं तो कसंबसं बोलला.

पाचव्या ओळीचे अर्ज शोधायचा हुकूम झाला. एकतीस निघाले. बहिरा माणूस आदल्याच वर्षी इस्पितळात वारला होता. त्याची माफी मागायची सोय राहिली नव्हती.

टंकलेखकाने मसुदा फाडला. आता तो समोरच्याला आधी पाण्याचा पेला देतो आणि नुसतं विचारत बसतो. निम्मे लोक अर्ज न करताच परत जातात.

वाचकहो, वेडा म्हणजे कोण, हे ठरवायला कायद्याला शेकडो वर्षं लागली आणि अजूनही त्याचं पुरतं ठरलेलं नाही. आपण मात्र एका ओळीत ठरवून मोकळे होतो, बहुतेक वेळा आपल्याच माणसाबद्दल, आणि आपल्याच सोयीसाठी. कोणाला वेडं म्हणण्याआधी त्याला निदान एकदा विचारा आणि त्याचं उत्तर ऐकून घ्या.

टंकलेखक अजून रोज संध्याकाळी खाली उतरून ताईचं दार वाजवतो. पहिल्या दिवशी आत मशीन थांबलं होतं. “ताई, मी आहे गं,” तो म्हणाला होता.

“मला नसलेले आवाज ऐकू येतात,” आतून ताई म्हणाली. “तूच लिहिलंयस ना?”

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.