डाळिंबी खुर्चीचा जळफळाट

मी एक जुनी, डाळिंबी रंगाची खुर्ची आहे आणि मित्रांनो, लपवून काय करू? मी त्या राखाडी सोफ्यावर जळते.

सुताराने माझा सांगाडा केला, पण मला रूप दिलं ताईंनी. त्या शिवणकाम करायच्या. डाळिंबी कापड त्यांनी स्वतः निवडलं, स्वतःच चढवलं. बदामी भिंतींच्या त्या बैठकीच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी माझ्यावरच पडायची. मी फुलून जायचे.

मग ताईंच्या वहिनींनी घर रंगवायला काढलं. भिंती राखाडी, पडदे राखाडी, फरशी राखाडी आणि सोफाही राखाडी!

"ही खुर्ची आता डोळ्यांत खुपते," वहिनी म्हणाल्या. माझी रवानगी गॅलरीत झाली.

काचेतून मी सोफ्याचं कौतुक बघत राहायचे. त्याच्यावर चहा सांडावा, असं मनोमन म्हणायचे. एकदा सांडलाही, पण मेल्याचा डाग एका फडक्यात निघाला! इकडे उन्हाने माझा रंग विटत होता.

एके दिवशी ताई सोफ्यावर बसायला गेल्या आणि धाडकन फरशीवर बसल्या.

"अहो ताई, सोफा इथे आहे!" वहिनी धावल्या.

"कुठे गं? मला सगळा धूरच दिसतो. नजर अधू झालीय माझी. तुम्हाला कशाला काळजी, म्हणून बोलले नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. पण शेजारशेजारच्या रंगांत ठळक फरक असेल, तर त्यांना वस्तू ओळखता येतील.

वहिनींनी रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. मला आत आणून भिंतीपाशी ठेवलं. माझ्यामागे फिकट पिवळा लावून बघितला, दाराच्या चौकटीला गडद निळा.

"ताई, काय दिसतंय?"

"माझी खुर्ची!" म्हणत ताई सरळ चालत आल्या आणि कुणाचाही हात न धरता माझ्यावर टेकल्या. वहिनींनी पदराने डोळे पुसले.

मी जिंकले होते. पण सोफ्याची कड दिसावी म्हणून वहिनींनी त्याच्यावर उशा ठेवल्या. डाळिंबी! माझ्या रंगाच्या! आता पाहुणे म्हणतात, "सोफ्यावर या उशा काय खुलून दिसतात!"

मित्रांनो, घराचे रंग निवडताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय दिसतं? आणि जुन्या खुर्च्यांना उन्हात टाकू नका. आम्ही बोलत नाही, पण काचेतून सगळं बघत असतो.