खड्ड्याला माणूस

दापोलीहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक लहानशी ख्रिस्ती वाडी आहे. २००१ सालच्या त्या शनिवारी ती भलतीच गडबडीत होती. दुसऱ्या दिवसापासून सुवार्ता सप्ताह सुरू व्हायचा होता. चर्चच्या अंगणात बायका कांदे चिरत होत्या, जीपच्या टपावर कर्णा बांधला जात होता, आणि गावोगावी प्रभूची प्रीती कशी सांगायची याची तालीम रंगात आली होती. त्या तालमीच्या मधोमध राही येऊन उभी राहिली.

"माजी सून गेली," ती म्हणाली. "खड्ड्याला माणसं पाठवा."

वाडीची ती जुनी रीत. तिथली जमीन म्हणजे निव्वळ कातळ. कबर खणायची तर पहारीने जांभा फोडावा लागतो, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. म्हणून कुणाच्याही घरी मयत झाली की घरटी एक बाप्या पहार घेऊन दफनभूमीत हजर होई. भांडण असो, अबोला असो, या कामाला कुणी मागे राहत नसे. राहीचा मुलगा बाबू बोटीवर नोकरीला होता. तो गेल्या साली घरी येऊन वारला, तेव्हा राहीला कुणाला बोलवावंसुद्धा लागलं नव्हतं.

आज मात्र कुणी जागचं हललं नाही. राहीच्या सुनेच्या, मैनाच्या रोगाचं नाव इस्पितळातून तिच्याआधीच वाडीत पोचलं होतं. एड्स.

चर्चच्या पंचांतले वडीलधारे हरिश्चंद्र गुरुजी राहीला बाजूला घेऊन गेले. निवृत्त हेडमास्तर, बोलणं कसं मऊ लोण्यासारखं. "हे बघ राही, दफनभूमीच्या खाली आपली विहीर आहे. रोग पाण्यात उतरला तर पोराबाळांनी काय करायचं? खाली समुद्राकाठी पुळणीत वाळू आहे. आत्ता माणसं पाठवतो, चुटकीसरशी काम होईल."

"पुळणीत? मेली कुत्री पुरतात तितं?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

पाळक शांतवन तरुण होते, पहिलीच नेमणूक. पंचांच्या मनाविरुद्ध जायची त्यांची छाती होईना. "मावशी, प्रभूला कातळ काय नि वाळू काय, सारखंच," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

राहीने पुढचं ऐकलंच नाही. मला ह्यांच्या शेजारी ठेवा आई, एवढंच मैनाने मरताना मागितलं होतं. राही घरी गेली, पहार उचलली आणि दफनभूमीत जाऊन बाबूच्या कबरीशेजारी कातळावर घाव घालू लागली. पहार उडून मागे येई, कातळाची नुसती ढलपी निघे. तळहात फाटले. माणसं दफनभूमीच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या पलीकडून बघत राहिली. दुपारी शांतवनांना ते बघवेना. ते सदरा काढून आले आणि दुसरी पहार घेऊन भिडले. उन्हं कलली तरी खड्डा जेमतेम गुडघाभर झाला होता. घरात प्रेत ताटकळत होतं. राही मटकन खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली.

"अजून सांगतो," गडग्यापलीकडून गुरुजी म्हणाले, "वाळूत चल."

राहीने डोळे पुसले. बाबूच्या कबरीकडे बोट केलं. "पाळकसायब, ही उघडा. दगड फोडून झालेला हाय, वरची माती मऊ हाय. त्याच्या वरतीच तिला ठेवू."

"वेड लागलं का?" गुरुजींचा आवाज पहिल्यांदा चढला. "पोराची माती उकरतेस? तीही असल्या रोगिणीसाठी?"

"बाबू त्याच रोगान गेला, गुरुजी."

वर्षभर दाताखाली धरलेलं ती बोलून गेली. मेलेल्या लेकाची अब्रू आपल्याच हातांनी वेशीवर टांगली होती तिने.

"मैनाला त्यानंच दिला. वर्ष झाला तो हितं हाय, नि तुमी त्याच विहिरीचा पाणी पिताव. कोण मेला, सांगा. माज्या लेकाला तुमी खांदा दिलात, कारन तुमाला म्हाइत नव्हता. हिचा गुन्हा इतकाच, की तुमाला कळला."

शांतवनांनी पहार टाकून फावडं घेतलं आणि बाबूच्या कबरीवरची माती ओढायला सुरुवात केली.

"उद्या जीप निघणार नाही," मान वर न करता ते म्हणाले. "जे आपल्याला घरात जमलं नाही, ते दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्याची उपासना या कबरीवर होईल. यापुढे इथली प्रत्येक कबर मी खणणार, रोग विचारणार नाही."

"बिशपसाहेबांना कळवावं लागेल," गुरुजी म्हणाले.

"कळवा."

कांदे चिरणाऱ्यांपैकी दोघी घमेली घेऊन आत आल्या आणि माती उचलू लागल्या. त्यांच्यामागून आणखी कुणी आलं नाही. दिवस बुडायच्या आत त्या चौघांनीच मैनाला घरून आणलं आणि नवऱ्याच्या वर निजवलं. शांतवनांनी प्रार्थना म्हटली. 'आमेन' म्हणायला तिघीच होत्या.

बाकीची मंडळी गडग्यापलीकडेच उभी होती. गडगा कमरेएवढासुद्धा नव्हता.